खंडेनवमीची लँडमास्टर

१

दसऱ्याच्या सकाळी परमेश्वरनं जुन्या लँडमास्टर गाडीचं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेरच काढलं नाही.

सुंदरराव तेव्हा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून जिलबी खात होते. नवा कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर रुमाल, आणि दर दोन घासांनी मान वळवून गाडीकडं बघणं चाललेलं. नोकरीभर त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्यांची पाहणी केली होती. चेपलेले पत्रे, फुटक्या काचा, आणि त्यावर मालकांनी रचलेल्या एकाहून एक थापा. मोडलेली गाडी जोडली जाताना बघायचं सुख त्यांना निवृत्त झाल्यावर, पाटोद्याच्या ह्या गॅरेजात मिळालं, आणि ते त्यांनी अगदी हावरटासारखं लुटलं होतं.

"अण्णा," आतून परमेश्वरचा आवाज आला. "जिलबी ठिवा आन् इकडं या."

सुंदरराव उठून गेले. इंजिनाच्या बगलेत जिथं कार्ब्युरेटर असायचं, तिथं काहीच नव्हतं. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारं ते जुनं घुमटाचं कार्ब्युरेटर. परमेश्वरनं त्याचा घुमट घासूनपुसून इतका लख्ख केला होता की सुंदरराव त्यात बघून मिशा सारख्या करत.

"न्हाई," परमेश्वर म्हणाला.

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे न्हाई, अण्णा. परवा सांजच्याला गाडी चालू केलती तवा होतं."

परवाची ती संध्याकाळ! नांदूरघाटच्या कैलासवासी आबासाहेबांची ही गाडी, त्यांच्यामागं वर्षानुवर्षं गोठ्यात पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. त्यांचा मुलगा बबनराव ती ट्रकात घालून पाटोद्याला घेऊन आला, तेव्हा परमेश्वरच्या बायकोनं विचारलं होतं की ही दुरुस्त करायची का पुरायची. दोन वर्षं परमेश्वर तिच्याखाली झोपला. सडलेला तळ कापून नवा घातला, गंजलेलं एकेक दार आगीवर आणि हातोडीवर सरळ केलं, दिव्यांच्या कड्या भंगारातून शोधून आणल्या, आणि शेवटी तिला मोरपंखी रंग दिला. दसऱ्याला ती नांदूरघाटच्या सीमोल्लंघनाला मिरवत न्यायची ठरली होती. अष्टमीला संध्याकाळी किल्ली फिरवली, आणि गाडी आधी शिंकली, मग खोकली, मग असा काही संथ, भरदार आवाज काढायला लागली की बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदररावांनी परमेश्वरला मिठी मारली. सदऱ्याला तेल लागलं ते अजून निघालेलं नाही, आणि काढायची त्यांची इच्छाही नाही.

बाहेर हॉर्न वाजला. पांढऱ्याशुभ्र गाडीतून बबनराव उतरले, मागून त्यांचा भाचा रामेश्वर.

"झाली का गाडी गरम?" बबनरावांनी हसतच विचारलं. परमेश्वरचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू मावळलं.

२

बबनरावांचा पारा चढायला वेळ लागला नाही.

"किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं, दादा."

"रात्री इथं झोपलं कोण?"

"मीच."

"मग चोर हुडकायला मी काय लांब जाऊ, बे?" बबनराव गरजले. "त्यो नगरचा त्रिंबक, जुन्या सामानाचा यापारी, त्या घुमटावर डोळा ठिऊन होता. मागंल ते देतो म्हणत होता तुला. दिलं का मग?"

ज्या माणसानं दोन वर्षं ह्या गाडीला अंघोळ घातली, त्याला भर बाजारपेठेत चोर म्हटलं होतं. शेजारचा टायरवाला, पानवाला, सगळे दारात येऊन उभे राहिले.

"चारपर्यंत गाडी चालू झाली तर ठीक," बबनराव म्हणाले. "न्हाईतर ट्रकात घालून पुण्याला नेतो, आन् तुझ्या नावानं फिर्याद देतो. पुन्हा कोणी सायकलसुद्धा देणार न्हाई तुझ्याकडं."

"चारपर्यंत मला द्या," सुंदरराव मध्ये पडले. "खोट्या चोऱ्या पकडण्यात जिंदगी गेली माझी. एक खरी पकडून बघू."

खरं सांगायचं तर सुंदररावांची पंचाईत झाली होती. परमेश्वरबद्दल जीव तुटत होता, आणि त्याच वेळी हात शिवशिवत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि बॉनेटमध्ये वाकले.

कार्ब्युरेटर दोन नटांवर बसतं. दोन्ही नट परत आपापल्या जागी, बोटांनी फिरवून ठेवलेले. कोपरे शाबूत, एक ओरखडा नाही. पेट्रोलची नळी वर वळवून सुतळीनं बांधलेली. आणि इंजिनाच्या उघड्या तोंडात, धूळ जाऊ नये म्हणून, लाल कापडाचा बोळा. तो सुंदररावांनी काढून खिशात घातला.

"परमेश्वरा, हे नट कुठल्या पान्यानं खुलत्यात?"

"इंची पाना लागतो, अण्णा. आपले मिलीमीटरचे लावले की कोपरे गोल व्हत्यात. इंची संच एकच हाय, आबासाहेबांचा, डिकीत सापडलेला. अख्ख्या पाटोद्यात दुसरा न्हाई."

"त्यो कुठंय?"

परमेश्वरनं हनुवटीनं कोपरा दाखवला. तिथं खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. लाल कापडावर हातोड्या, पक्कड, जॅक आणि आबासाहेबांचे इंची पाने, मागं झेंडूचा ढीग आणि कलश. नवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना विश्रांती. गॅरेजवाला असो की सुतार, त्या दिवशी कुणी पाना उचलत नाही.

"काल सकाळपास्नं काय काय झालं, नीट सांग."

"काय व्हनार? काकू, म्हंजे दादांच्या आई, पूजेला आल्या, रामेश्वरनं आणलं त्यांना. गाडी घरची लक्ष्मी हाय, पूजा मीच मांडणार म्हणल्या, लाल कापड बी त्यांनीच आणलं. मी झेंडू आणायला गेलतो. एक पाटी आणली तर म्हणल्या, एवढ्यात भागत न्हाई, आणखी आण. रामेश्वर नारळ आन् ऊस आणायला गेलता. दुपारी पूजा झाली, तुमी होताच. गाडीला हार घातला, बॉनेट कुणी उघडलंच न्हाई. मग मी कुलूप लावलं. रात्री मी दारातच खाट टाकलती. मांजर गेलं न्हाई बगा आत."

कुलूप शाबूत होतं, पत्रे शाबूत होते. मग सगळ्यांनी मिळून गॅरेज उपसलं. ड्रम पालथे केले, जुन्या टायरांच्या चळती हलवल्या, गाडीखालच्या खड्ड्यात रामेश्वर उतरला, माळ्यावर परमेश्वर चढला. देवापुढची समई तेवढी सांभाळून सगळं धुंडाळलं. कार्ब्युरेटर काही सापडलं नाही.

आणि नेमका त्याच वेळी एसटीतून उतरून, खांद्याला जड पिशवी लावून, नगरचा त्रिंबक हसत हसत गॅरेजात शिरला.

"झाली का स्वारी तयार?"

रामेश्वरनं त्याच्या खांद्यावरची पिशवी हिसकली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागद फाटला आणि आतून चमकलं ते कार्ब्युरेटर होतं.

३

"सापडला!" बबनरावांनी त्रिंबकची गचांडी धरली.

"अहो, सोडा! गुदमरतोय मी!"

परमेश्वर मात्र पुढं आला, त्यानं ते हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. त्याचा चेहरा पुन्हा पडला. "हे आपलं न्हाई, दादा. ह्याला घुमटच न्हाई. जीपचं हाय हे."

त्रिंबकनं कॉलर सरळ केली. तो भयंकर दुखावला होता. "अष्टमीला गाडी चालू झाली, ती बघून मी रात्रीच्या एसटीनं घरी गेलो. आज हिची स्वारी बघायला परत आलो. ह्या परमेश्वरनं पुढं दुरुस्तीला जीप घ्यायची म्हटलं होतं, म्हणून हे माझ्याकडून भेट आणलं. घुमटावर डोळा होता, नाही कशाला म्हणू? पण ती परवा धडधडायला लागली ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तिचा एक स्क्रू मागायचं धाडस झालं नसतं मला."

सुंदररावांना हे पटलं. शिवाय नुसतं पटण्यावर ते विसंबणारे नव्हते. चोर म्हणजे घाईचा माणूस. तो नट फेकतो, नळी तोडतो आणि इंजिनाचं तोंड उघडं टाकून पळतो. इथं चोरानं गाडीची अशी काळजी घेतली होती, जणू उद्या परत आणून बसवायचंच आहे. त्रिंबकला हे सुचलं असतं, पण तो काल पाटोद्यात नव्हताच. परमेश्वरला तर नक्की सुचलं असतं. ह्या विचारानं सुंदररावांच्या तोंडातली जिलबीची चव गेली.

बाहेर रामेश्वर फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होता, "हो हो, चारला पोचतो." सुंदरराव त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

"रामेश्वर, नांदूरघाटचं सीमोल्लंघन कवा असतंय?"

"दिवस बुडताना."

"मग चारची घाई कावून?"

रामेश्वर चपापला. फोन त्यानं खिशात घातला, मग काढला, मग पुन्हा घातला.

"पोलिसांपेक्षा मला सांगितलेलं बरं," सुंदरराव मऊपणे म्हणाले.

"अण्णा, मामांना सांगू नका. गाडी नांदूरघाटला जाणारच न्हाई." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "चारला साहेबांचा मेळावा हाय. स्टेजवर मामा साहेबांच्या हातात किल्ली देणार. साहेबांना जुन्या गाड्यांचा लई नाद. झेडपीचं तिकीट पक्कं होतंय त्याच्यात."

दोन वर्षं खपून परमेश्वरनं जिला उभं केलं, ती कुणातरी पुढाऱ्याच्या बंगल्यात शोभेला उभी राहणार. सुंदररावांना स्वतःला चोरावंसं वाटलं ते कार्ब्युरेटर.

"परमेश्वरला म्हाईत हाय हे?"

"कुणालाच न्हाई. मामांनी मला बी कालच सांगितलं. मी पाटोद्याला येत होतो, तवा त्यांचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर."

"स्पीकरवर?" सुंदररावांनी त्याचा दंड धरला. "तवा गाडीत आणखी कोण होतं?"

रामेश्वरनं तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं तसं मिटून घेतलं.

४

विमलबाई पाटोद्यातच धाकट्या बहिणीकडं मुक्कामाला होत्या, त्या तोवर चालत आल्या. बबनरावांच्या ह्या आई. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण पाठ ताठ. गॅरेजातला गलका ऐकून घेतला आणि पूजेपुढच्या खुर्चीवर बसल्या. परमेश्वर चोर ठरतोय हे कळलं तेव्हा त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"वहिनी," सुंदरराव शेजारी टेकले. आबासाहेब असताना नांदूरघाटला त्यांचं येणंजाणं होतं. "गाडीची आठवण येत आसंल तुमाला."

"येणार न्हाई? दर चतुर्थीला आमी लिंबागणेशला जायचो हिच्यातून. जाताना न्हाई तर येताना बंद पडायचीच." त्या हसल्या. "ते गाडीखाली आन् मी वर. हात बाहेर काढायचे नुसता. काय पायजे ते न बोलता द्यायला लागायचं."

"आन् पूजा लई झकास मांडली तुमी. पाने बगा, लहानापास्नं मोठ्यापर्यंत कसे वळीनं."

"हातालाच कळतंय ते."

सुंदरराव वाकले, नमस्कार करायला वाकतात तसे. आबासाहेबांच्या प्रत्येक पान्यावर हळदीचा एक ठिपका आणि कुंकवाचा एक. सुकलेले, गोल, कुठंही फिसकटलेले नाहीत.

आणि तिथंच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंची पान्याशिवाय ते नट खुलत नाहीत. पाने पूजेत बसल्यावर कुणी वापरले असते तर कुंकू पुसलं गेलं असतं, बोटांवरचं कुंकू नटांना लागलं असतं. नट तर कोरे! पुन्हा कुंकू लावावं तर करंडा विमलबाई काल बरोबर घेऊन गेल्या होत्या. म्हणजे चोरी रात्री झालीच नव्हती. पूजा होऊन गॅरेजला कुलूप लागलं, परमेश्वरनं दारात खाट टाकली, तेव्हा कार्ब्युरेटर केव्हाच निघालेलं होतं. सगळे सकाळपासून रात्र चाळत बसले होते आणि चोरी काल सकाळची, भर उजेडातली!

सुंदररावांनी खिशातून तो लाल बोळा काढून उलगडला. नवं कोरं कापड, एका बाजूनं टरकावलेलं. मग त्यांनी हळूच, देवाची माफी मागत, पूजेच्या कापडाची झेंडूखालची कड वर उचलली.

तिथला कोपरा नव्हता.

५

"सगळे या इकडं," सुंदरराव म्हणाले. "परमेश्वरा, तू पुढं ये. तुझं नाव बाजारात गेलंय, तर बाजारातच परत येऊ दे."

बबनराव, रामेश्वर, त्रिंबक, टायरवाला आणि पानवाला, सगळे गोळा झाले.

"कार्ब्युरेटर काढणाऱ्यानं इंची पाना वापरला आन् पूजेच्या आधी वापरला. पान्यांवरचं कुंकू साक्षीला हाय. काढल्यावर इंजिनाचं तोंड ज्या कापडानं बंद केलं, ते ह्या पूजेच्या कापडाचा तुकडा हाय. म्हंजे पूजेचं कापड अंथरण्याआधीच फाडलं. आता त्या येळेला गॅरेजात कोण होतं? परमेश्वर फुलं आणायला दोनदा गेला. रामेश्वर नारळाला गेला."

"मग कोण उरलं?" बबनरावांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा आवाज खाली गेला.

"ते सोडा. गेलं कुठं, ते आधी बघू. गॅरेजातनं काल कुंकवाच्या करंड्याबिगर कुणी काही नेलं न्हाई. आज आपण ड्रम उपसले, टायर हलवले, खड्ड्यात उतरलो. एकच जागा सोडली. ती आपल्या डोक्यातच आली न्हाई, कारण उत्तरपूजेआधी तिथं हात लावायचा नसतो." सुंदररावांनी विमलबाईंपुढं हात जोडले. "वहिनी, दसरा उजाडलाय. उत्तरपूजा करा."

विमलबाई सावकाश उठल्या, पूजेवर अक्षता टाकल्या, कलश हलवला आणि दोन्ही हातांनी झेंडूचा ढीग बाजूला सारला.

फुलांच्या आत लँडमास्टरचं कार्ब्युरेटर बसलेलं होतं. घुमट लखलखत होता. त्यावर हळदीचा एक ठिपका आणि कुंकवाचा एक.

"आगं आई गं!" पानवाला ओरडला. "काल आमी ह्याच्या पाया पडलो!"

"आई, तू?" बबनराव पुटपुटले.

"मीच. तुझ्या बापानं शिकवलंय मला. गावाला जाताना ते काढून माझ्याजवळ द्यायचे, त्यांच्या भावांनी गाडी पळवू नये म्हणून. कापडाचा बोळा बी त्यांनीच शिकवला." विमलबाई लेकाकडं वळल्या. "काल तू स्पीकरवर बोललास ते समदं मी ऐकलं. तिकिटापायी घरची लक्ष्मी स्टेजवर देऊन टाकणार व्हतास? मला एका शब्दानं इचारलं न्हाईस. मी बी मग तुला इचारलं न्हाई."

बबनरावांनी आईकडं बघायचं टाळलं. बाजारपेठेतला तो दांडगा माणूस एकदम शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागला.

"आन् परमेश्वरला चोर म्हणत होते, तवा?" सुंदररावांनी हळूच विचारलं.

विमलबाईंचे डोळे भरले. "चारची येळ टळली की सांगणार व्हते. पर तेवढं गप बसले, ते लई वाईट केलं." त्या परमेश्वरपुढं गेल्या आणि त्याचे काळेकुट्ट हात हातात घेतले. "लेकरा, तू तिला जिती केलीस आन् माझ्यापायी तुला बोल बसला. माफ कर मला."

परमेश्वर रडत होता आणि हसत होता. "काकू, ते जाऊ द्या," तो म्हणाला. "मला आधी ते बसवू द्या. माझा हात थांबंना."

मग काय विचारता! त्रिंबकनं बाह्या वर केल्या. सुंदररावांनी नव्या सदऱ्याची फिकीर सोडली. परमेश्वर इंजिनावर वाकला, त्यानं न बघता हात मागं केला, आणि विमलबाईंनी ओळीतला नेमका पाना उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. परमेश्वरनं बघितलं, तर पाना बरोबर होता. त्यानं दोन्ही नट आवळले, नळी जोडली. घुमटावरचं कुंकू मात्र पुसलं नाही.

किल्ली फिरली. गाडी शिंकली, खोकली, आणि तो संथ, भरदार आवाज अख्ख्या बाजारपेठेत भरून राहिला. टायरवाल्यानं शिट्टी मारली. सुंदररावांनी ह्या खेपेला परमेश्वरला सोडून चक्क बबनरावांनाच मिठी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर तेलाचा भलामोठा ठसा उमटवला.

तेवढ्यात बबनरावांचा फोन वाजला. पडद्यावर साहेबांचं नाव होतं. गाडी धडधडत होती. विमलबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या आणि परमेश्वरला म्हणत होत्या की आधी लिंबागणेशला नारळ फोडू, मग घर. परमेश्वर स्टिअरिंगवर हात ठेवून बबनरावांकडं बघत होता. दोन वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं, आताही मागत नव्हता, नुसता बघत होता.

बबनरावांनी फोन कानाला लावला.

"साहेब, माफ करा. गाडी न्हाई येत." ते थांबले, आईकडं बघितलं. "कार्ब्युरेटर चोरीला गेलतं. हां, सापडलं ना. चोर बी सापडला. घरातलाच निघाला, साहेब, आन् त्याच्यापुढं माझं काही चालत न्हाई."

त्यांनी फोन बंद केला, मागचं दार उघडलं आणि सुंदररावांना म्हणाले, "चला, बसा, अण्णा. आन् परमेश्वर, मघाशी बोललो ते बाजारात बोललो, तर माफी बी बाजारातच मागतो. चुकलो मी. गाडी तूच चालव, आन् सावकाश घे. मला बी बगायचंय, कशी पळती ती."